शनी दाखवणारा रिमोट

आमच्या घरात कॉलेजाची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी न विचारता सांगतो, कारण कोणी विचारील म्हणून थांबलो असतो तर अजून थांबलेलोच असतो. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., त्यावर बी.एड., आणि मग जानेफळपासून आत असलेल्या आमच्याच गावच्या शाळेत विज्ञानाचा सर. माझ्या शिक्षणापायी माझा मोठा भाऊ सातवीत शाळा सोडून वखरामागं लागला, हेही गावात सगळ्यांना माहीत होतं. ते मात्र लोक न विचारता सांगायचे.

ज्या साली शाळेत दुर्बीण आली, त्या साली कपाशीवर लाल्या आला होता. बीटी बियाणं येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पाकिटावरच्या चित्रात बोंडं नारळाएवढी होती आणि बोंडअळी आता इतिहासजमा झाली असं दुकानदार सांगायचा. अळी नाही आली, लाल्या आला. पानं लाल पडली, झाडं उभ्या उभ्या वाळली. कापूस पिकला नाही, कारणं मात्र भरघोस पिकली. कृषी खात्याचा माणूस म्हणाला, मॅग्नेशियम कमी पडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, पाणी जास्त झालं. पुढच्या आठवड्यात त्याच कंपनीचा दुसरा माणूस आला, तो म्हणाला, पाणी कमी पडलं. आणि ज्यांच्या कृषी केंद्रातून आम्ही बियाणं नेलं होतं, ते आमच्या मारुती संस्थानचे अध्यक्षही होते. त्यांनी पत्रिका न बघताच दादाला सांगितलं, "तुले साडेसाती हाय. शनी बसला तुह्या मानगुटीवर. बियाण्याचा काय दोष त्यात?"

हे ऐकून बियाण्याला फार बरं वाटलं असेल.

दादानं मात्र ते मनावर घेतलं. तो भांडला असता तर मला काळजी नव्हती. भांडण ही त्याची ख्याती. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, एसटीतल्या खिडकीच्या सीटवरून, कशावरूनही तो भांडायचा आणि गाव त्याला वचकून असायचं. त्या हंगामानंतर तो गप्प झाला. ओट्याच्या खाली पाय ठेवीना. कोणी आलं की आत जाऊन भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचा. वहिनीनं शेगावला नेऊन आणलं. दर्शनाच्या रांगेत तो उभा राहिला, मागच्यानं ढकललं की पुढं सरकला, आणि जसा गेला तसाच परत आला. त्या वर्षांत आमच्याकडे बायका फवारणीचे डबे कुलपात ठेवत आणि किल्ली पदराला बांधत. वहिनीनंही बांधली होती. त्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. मी शाळेतून आलो की आधी दादा कुठं आहे ते बघायचो आणि मग चप्पल काढायचो.

अशात वरून योजना आली. संकटग्रस्त भागातल्या मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवायचा होता, म्हणून शाळेला कॉम्प्युटरवाली दुर्बीण मिळाली. गावानं खरं तर विजेचं रोहित्र मागितलं होतं, पण देणाऱ्याच्या हातात जे असेल ते घ्यावं. हेडमास्तरांनी ती खोक्यासकट कपाटात ठेवली. वापरली तर बिघडेल, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. परीक्षा संपल्यावर ते गावाला गेले आणि कपाटाची चावी माझ्याकडे आली.

दुर्बिणीला गुंडाळीच्या वायरनं जोडलेला एक रिमोट होता. टीव्हीच्या रिमोटपेक्षा जाड, वर दोन ओळींचा पडदा, त्यावर लाल अक्षरं सरकायची. त्याच्या पोटात हजारो तारे भरलेले आहेत, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आपण फक्त नाव निवडून एंटर दाबायचं, दुर्बीण आपणहून फिरते आणि तिथं जाऊन थांबते. आभाळ ओळखायची गरजच नाही. मला हे फार पटलं. फिजिक्सचा पदवीधर असून आभाळात मला सप्तर्षी आणि ध्रुव एवढेच ओळखू यायचे, बाकी सगळं पुस्तकातलं होतं.

रिमोट चालू केला की पहिल्यांदा इशारा येतो: सूर्याकडे पाहू नका. एप्रिल महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला कॉम्प्युटर लागतो. मग तो गाव विचारतो. भारताच्या यादीत आमचं तालुक्याचं मेहकर सोडाच, बुलढाणाही नव्हतं. मुंबई होतं, नागपूर होतं. आम्ही या दोघांपैकी नेमके कोणाचे, हा वाद रिमोटच्याही आधीचा आहे, तो मी तिथं सोडवत बसलो नाही. शाळेच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढले आणि भरले. मग त्यानं विचारलं, उन्हाळ्यात तुमच्याकडे घड्याळ एक तास पुढं करतात का? आमच्याकडे उन्हाळ्यात फक्त लाइट जाते. मी 'नाही' दाबलं.

लाइटचा प्रश्न खराच होता. दुर्बिणीला बारा व्होल्ट लागायचे आणि संध्याकाळी सातला भारनियमन सुरू व्हायचं. बारा व्होल्टची बॅटरी आमच्या घरातच होती, दादाच्या फवारणी पंपात. पंप कोपऱ्यात धूळ खात पडला होता. मी त्याचं झाकण काढायला लागलो, तसा दादा खाटेवरून म्हणाला, "काय करून राह्यला बे?"

कितीतरी दिवसांत त्यानं आपणहून विचारलेलं हे पहिलंच.

"दुर्बिणीले लागते. शनी पाह्यचा हाय," मी म्हणालो. म्हणायचं होतं चंद्र. तोंडातून शनी गेलं. वहिनीनं चुलीपुढून माझ्याकडे असं पाहिलं की पुढची भाकर ती माझ्याच तोंडावर थापणार असं वाटलं.

दादा उठून बसला. "कोणता शनी? हाच? माह्यावाला?"

"एकच हाय."

"दिसते?"

"दिसते ना. कडं हाय त्याच्या भोवताल."

त्यानं पंपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाखव मंग मले एकदा. साल झालं मानगुटीवर बसून हाय, तोंड तं पाहू दे त्याचं."

मागच्या दारी वहिनीनं मला गाठलं. "भाऊजी, आता दाखवाच. येतो म्हणून राह्यले हे. नाही दिसला तं परत उठाचे नाहीत."

विज्ञानाच्या प्रसाराची एवढी मोठी जबाबदारी मला बी.एड.लाही कोणी दिली नव्हती.

बॅटरीला दुर्बिणीची पिन जोडून हवी होती. स्टँडवर मोटारींचं वाइंडिंग करणारे चाचा होते, त्यांनी डाग देऊन जोडून दिली. देता देता विचारलं, "सर, ये मशीन क्या ढूंढती?"

"शनी."

"उसकू ढूंढना पडता क्या? हमारे यहाँ तो घर बैठे आता."

जागा ठरली मारुतीच्या देवळामागचं पटांगण. गावात तेवढंच मोकळं आभाळ. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता आणि तारा एकही निघाला नव्हता. सुरुवात करताना नळी आडवी आणि बरोबर उत्तरेकडे करून ठेवायची असते. रिमोटला एकदा उत्तर सांगितली की तिथून तो बाकीचं सगळं आभाळ मोजतो. उत्तर चुकली तर आभाळही तेवढंच चुकतं. म्हणून मी शाळेचा कंपास खिशात आणला होता. तो काढला, तर अध्यक्ष हजर.

"सर, मारुतीच्या दारात येऊन उत्तर धुंडता? दक्षिणमुखी हाय आपला मारुती. त्याच्या पाठीमागं उत्तर. हे तं गुराख्यालेबी माहीत हाय."

दक्षिणमुखी मारुती ही आमच्या गावाची एकुलती एक प्रसिद्धी. दुसऱ्या गावात आम्ही आमची ओळख तशीच सांगतो. त्या देवाजवळ उभं राहून सुईवाल्या डबीनं दिशा तपासणं म्हणजे सोयऱ्याच्या घरी जाऊन त्यांचं पाणी गाळून मागणं. कंपास परत खिशात गेला. देवळाचा जीर्णोद्धार मी बी.एड.ला बाहेरगावी होतो तेव्हा झाला होता. सगळं नवंकोरं. मी देवळाच्या भिंतीला समांतर नळी लावली. भिंत सरळ होती, फरशी सरळ होती, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या तर फारच सरळ होत्या.

अंधार पडला, लाइट गेली, तारे निघाले. रिमोट म्हणाला, आता दोन तारे दाखवतो, ते मधोमध आणून एंटर दाबा, म्हणजे माझी खात्री होईल. पहिला त्यानं निवडला व्याध. दुर्बीण घरघरत फिरली आणि थांबली. भिंगात काहीच नव्हतं. जरा बाजूला एक ठळक तांबूस तारा होता. व्याध निळसर पांढरा असतो असं मी स्वतः फळ्यावर लिहिलेलं आहे. पण रिमोटच्या पोटात हजारो तारे आणि माझ्या पोटात मोजून आठ, मी कोण त्याला शिकवणार? तांबूस तारा मधोमध आणला, एंटर दाबलं. दुसरा तारा त्यानं दाखवला तो लिंबाच्या झाडात. मागं माणसं जमली होती, "झालं का सर, झालं का सर" चाललं होतं. मी लिंबालाही एंटर दाबलं. पडद्यावर आलं: जुळणी यशस्वी.

यशस्वी म्हणाला म्हणजे यशस्वी. आमच्याकडे विहिरीही अशाच यशस्वी होतात, पाणी लागायच्या आधी.

आणि तेवढ्यात दादा आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, भिंतीच्या कडेकडेनं. मागं वहिनी, हातात तेलाची वाटी, म्हणजे कोणी विचारलं तर देवाला आलो म्हणता यावं. लोकांनी त्याला पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. गावाला कधीमधी रीत कळते. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

मी ग्रहांच्या यादीत शनी निवडला. दुर्बीण फिरली, थांबली. मी डोळा लावला. आत एक भलामोठा लालभडक गोळा थरथरत होता. पुस्तकातला शनी फिकट पिवळा असतो आणि त्याला कडं असतं. हे काय आहे याचा मी विचार करत होतो तोवर अध्यक्षांनी मला खांद्यानं बाजूला केलं. गावातला पहिला मान त्यांचा, मग तो पोळ्याचा असो की ग्रहाचा. त्यांनी डोळा लावला आणि पाहता पाहता हात जोडले.

"काय लाल हाय. कोप हाय, कोप."

झालं. कोप आहे म्हटल्यावर प्रत्येकाला तो दिसायला लागला. एक म्हातारी म्हणाली, "डोळा वटारून राह्यला माय." तिच्या मागच्याला जीभही दिसली. एक निवृत्त तलाठी होते, त्यांनी शनीला कडं असतं एवढं ऐकलेलं होतं, त्यांनी कडंही पाहिलं आणि ते सोन्याचं आहे असं सांगितलं. रांग पुढं सरकत होती. दादानं पुढच्याला हळूच विचारलं, "लई रागात हाय का?"

"लई."

दादानं दुपट्टा कपाळावर आणखी खाली ओढला. वहिनी माझ्याकडे पाहत होती. हा माणूस कितीतरी महिन्यांनी आपणहून घराबाहेर आला होता, आणि आता भिंगातून तो लाल डोळा पाहून परत जाऊन भिंतीकडे तोंड करणार होता. ते मी दाखवलेलं असणार होतं, सरकारी दुर्बिणीतून, विज्ञानाच्या नावानं.

मी भिंग सोडलं आणि नळीच्या वरून, बंदुकीचा नेम धरावा तसं, नुसत्या डोळ्यानं पाहिलं. नळी बरोबर मोबाइल टॉवरकडे होती. गावाला लाइट नव्हती, पण टॉवरला जनरेटर होतं. त्याच्या शेंड्यावरचा लाल दिवा तेवढा गावात जळत होता. टॉवर इतका जवळ की दुर्बिणीत तो नुसता फुगलेला गोळा दिसायचा. अर्ध्या गावानं मोबाइल कंपनीच्या बल्बचं दर्शन घेतलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "हा शनी नाही. टॉवरचा दिवा हाय."

अध्यक्ष म्हणाले, "असा कसा नाही? मी हात जोडले ना सर."

"अन् कडं?" तलाठी म्हणाले.

मी मान वर केली. वर सप्तर्षी निघाले होते. त्यांच्या कडेच्या दोन ताऱ्यांची रेघ खाली आणली की ध्रुव सापडतो, हे मला रिमोटशिवाय येत होतं. ध्रुव मारुतीच्या पाठीमागं नव्हताच. तो चांगला बाजूला, पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर होता. आता मी कंपास काढला. कंपासही गिरणीकडेच बोट दाखवत होता.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "आपला मारुती दक्षिणेकडं पाहत नाही."

"मंग कुठं पाह्यते?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मारुती स्टँडकडे पाहत होता. नेमकं सांगायचं तर स्टँडजवळच्या कृषी केंद्राकडे. जीर्णोद्धारात गाभारा रस्त्याकडे वळवून बांधला होता, म्हणजे दर्शन घेऊन माणूस पायऱ्या उतरला की समोर दुकानच. हे काही रातोरात, चोरून झालं नव्हतं, सगळ्या गावादेखत झालं होतं. पण नव्या पाटीवर 'दक्षिणमुखी' असं कोरलेलं होतं आणि कोरलेल्या अक्षरापुढं सूर्य कुठून उगवतो हे बघायचं गावाला कारण नव्हतं. मलाही नव्हतं.

अध्यक्ष डगमगले नाहीत. "मूर्ती जागची हलली नाही सर. हललाच असंल तं ध्रुव हलला असंल. लई जुना झाला तो आता."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "हवामान बदललं हाय ना बाप्पा."

आणि तेव्हा रांगेतून आवाज आला. तो चढा आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकला की आधी मला तो कोणाचा आहे तेच कळेना.

"ध्रुव काऊन हलंल हो अध्यक्ष? त्याचं कुठं दुकान हाय?"

दादा रांग सोडून पुढं आला होता. दुपट्टा गळ्यात आला होता.

"तू मधात बोलू नको," अध्यक्ष म्हणाले. "तुह्यावर आधीच शनी हाय."

"बरोबर हाय. देवाचं तोंड दुकानाकडं वळवलं तुमी, अन् साडेसाती मले?"

पहिल्यांदा रांगेतले वाइंडिंगवाले चाचा हसले. मग म्हातारी हसली. मग जे नुकतेच हात जोडून बाजूला झाले होते तेही हसले, कारण आपण बल्बला हात जोडले हे विसरायला हसण्यासारखं दुसरं काही नसतं. अध्यक्षांनी धर्म काढला, दादानं बियाणं काढलं. अध्यक्ष म्हणाले, पाण्याचा दोष. दादा म्हणाला, तुमी तवा शनीचा म्हटला व्हता, आता पाण्याचा झाला काय, एक काहीतरी धरा. वहिनीच्या वाटीतलं तेल तिच्या लुगड्यावर सांडत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

त्या गडबडीत मी पुन्हा सुरुवात केली. नळी ध्रुवाखाली, गिरणीच्या दिशेला. रिमोटनं व्याध दाखवला तर या वेळी पांढराशुभ्र तारा जवळपास मधोमध आला. दुसरी स्वाती, पूर्वेला उघड्यावर. मग शनी. दुर्बीण फिरली आणि टॉवरच्या बरीच अलीकडे थांबली. भिंगात एक फिकट पिवळा ठिपका होता आणि त्याला आरपार एक बारीक कडं. पुस्तकात बोटभर लांब असतं, इथं नखाच्या टोकाएवढं. पण पुस्तकातल्यापेक्षा खरं. मी हाक मारली, "दादा, सापडला. ये."

"थांब बे जरा," दादा म्हणाला. तो बोट वर करून अध्यक्षांना लाल्या कसा पडतो ते सांगत होता.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो शनी दुर्बिणीत ताटकळत होता आणि आमच्या दादाला वेळ नव्हता. रिमोट बिचारा आपली मोटर कणाकणानं फिरवत शनीला भिंगात धरून राहिला. त्या रिमोटबद्दल मी पुष्कळ वाईट बोललो, पण एवढं काम त्यानं चोख केलं.

शेवटी दादा आला. एक डोळा मिटायला त्याला जमेना, तेव्हा वहिनीनं मागून हात नेऊन तो झाकला. तो पाहत राहिला.

"हा?"

"हा."

"येवढुसा?"

"लई दूर हाय तो."

तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "हा तं कोणाकडेच पाहून नाही राह्यला."

त्यानं अध्यक्षांना हाक मारली. "या, पाहून घ्या. हात जोडायची गरज नाही." अध्यक्ष आले नाहीत. त्यांना देवळात काही काम निघालं.

विज्ञानाचा विजय झाला असं मी त्या दिवशी घरी म्हणालो, तर दादा म्हणाला, "कायचं विज्ञान? बल्ब दाखवून राह्यला व्हता तू आमाले." ते खरंच होतं. हेडमास्तर परत आल्यावर दुर्बीण कपाटात गेली. कारण तेच, वापरली तर काय होतं ते आता सगळ्यांनी पाहिलं होतं.

पण मारुतीचा प्रश्न कपाटात ठेवता येईना. संस्थानची बैठक बोलावली गेली. देवाचं तोंड फिरवायचं, की पाटीवरचं अक्षर बदलायचं, की दोन्ही तसंच ठेवून गावात कंपास आणायला बंदी करायची, असे तीन पक्ष पडले. दादा कोणत्या पक्षात होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा तिन्हींच्या विरोधात. त्या दिवशी दुपारपासूनच तो धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता आणि बैठकीच्या वेळेआधीच निघून गेला.

आमच्या घरापर्यंत आवाज येत होता. सगळ्यांत वरचा आवाज दादाचा. त्याचा घसा बसला होता तरी तो थांबत नव्हता. वहिनी परातीत पीठ मळता मळता थांबली आणि ऐकत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "जा ना तुमी. हातघाईवर येतीन. कोणी मधात पडाले पाह्यजे."

मी उठलो, चप्पल घातली आणि निघालो. मात्र फार घाई केली नाही.